मवाबपाशी थांबलेलं व्याख्यान

आमच्या मंडळाचे अध्यक्ष माझं व्याख्यान चालू असताना पहिल्या रांगेतून उठून गेले, तेव्हा मी मवाबपर्यंत आलो होतो. मवाब हे मृत समुद्राच्या पलीकडचं एक जुनं राज्य. ते केव्हाच मातीत गेलं, आणि त्याच्यावरून जबलपुरात कुणी दुखावलं जाईल असं कुणाला वाटलं नसतं. मला वाटलं होतं. खरं तर तेवढ्यासाठीच मी मवाब ठेवला होता.

आमचं मंडळ चेरीतालच्या एका गल्लीत आहे. एक लांबट हॉल, पुढे मंच, मागे स्वयंपाकाची खोली. इथली मराठी घरं कुणी दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या, कुणी रेल्वेच्या, कुणी केंद्र सरकारच्या कुठल्याशा कार्यालयाच्या नोकरीपायी आली आणि राहिली. आमच्या मुलांना मराठी समजतं, पण उत्तर ती हिंदीत देतात. नातवंडं समजल्यासारखं करतात. वर्षातून काही वेळा आम्ही हॉलमध्ये जमतो, साबुदाणा वडे खातो आणि आपली भाषा टिकली पाहिजे यावर हिंदीत चर्चा करतो.

अध्यक्ष फॅक्टरीतून निवृत्त झालेले. अध्यक्षपद त्यांच्याकडे इतकी वर्षं होतं की घराघरांत नव्या आलेल्या सुना अध्यक्ष हे त्यांचं नावच समजत. कार्यक्रम कोणताही असो, ते बंद गळ्याचा काळा कोट घालून येत, मे महिन्यातसुद्धा. मंचावरची आपली खुर्ची इतरांपेक्षा वेगळी दिसावी म्हणून त्यांनी घरून एक हातांची खुर्ची आणून ठेवली होती. भाषणात ते 'अध्यक्षांनी असं ठरवलं' म्हणत, जणू अध्यक्ष दुसरेच कुणी आहेत आणि हे फक्त त्यांचा निरोप घेऊन आलेत. भेडाघाटचा दगड हाताशी असल्यानं आमच्या शहरात अमर होणं स्वस्त पडतं. हॉलमध्ये जागोजागी त्यांच्या हस्ते झालेल्या उद्घाटनांच्या संगमरवरी पाट्या होत्या. एक संडासाच्या दारावर होती.

नागपूरहून वक्ता यायचा असला की अध्यक्ष त्याची हॉलवर वाट पाहत नसत. कोट घालून, हार घेऊन ते तिलवाऱ्याला नर्मदेच्या पुलाशी जाऊन उभे राहत आणि गाडी दिसली की हात दाखवून थांबवत. राजानं पाहुण्याला सीमेवर सामोरं जावं, तसं. ट्रकांच्या धुरात भर रस्त्यावर हार घालून घेताना वक्त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात, असं मी सगळ्यांना सांगत असे. मी स्वतः तिथं कधी गेलो नव्हतो.

मी रेल्वेच्या कार्यालयातून निवृत्त झालो. विजय नगरला राहतो, वाचतो, आणि कार्यक्रमाला शेवटच्या रांगेत बसून शेजारच्याच्या कानात बोलतो. मंडळात माझी ओळख तीच. पुढच्या रांगा रिकाम्या असायच्या, पण माझ्याजवळच्या खुर्च्या आधी भरायच्या. याचं मला किती बरं वाटायचं ते मी तेव्हा कबूल केलं नसतं.

देवावर माझा विशेष विश्वास नाही. देवळात मी बायकोच्या चपला सांभाळायला जातो. पण शाळा मिशनची होती, तिथं हिब्रू संदेष्ट्यांशी ओळख झाली आणि ती पुढे सुटली नाही. राष्ट्रांना आणि राजांना तोंडावर सुनावणारी ही माणसं. बाबेलच्या राजाला ताऱ्यांच्याही वर सिंहासन मांडायचं असतं, आणि हे त्याला सांगतात की तुझ्यासाठी खाली अळ्यांचं अंथरूण तयार आहे. सोर हे समुद्रकाठचं श्रीमंत शहर स्वतःला देखणं जहाज समजतं, आणि ते जहाज भर समुद्रात फुटतं. अदोमचे लोक उंच कड्यांच्या कपारीत राहून विचारतात, आम्हाला खाली कोण आणणार. त्यांनाही खाली यावं लागतं. थाटामाटाचा तिटकारा असलेल्या माणसाला याहून रुचकर वाचन मिळायचं नाही. तो तिटकारा हाही एक थाटच असतो, हे त्यांत कुठं लिहिलंय का, ते मी तेव्हा शोधलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात नागपूरच्या वक्त्याचं येणं आयत्या वेळी रद्द झालं आणि अध्यक्षांचा मला फोन आला.

"भाऊ, तुम्ही एवढं वाचून राहिले. बोला ना जी दोन शब्द. अध्यक्षांची विनंती समजा."

"विषय काय घेऊ?"

"विषय तुमचा. मले त्यातलं काय कळते? मंडळाची शान राहिली पाहिजे, बस."

म्हणजे त्यांनी माझ्यावर भरवसा टाकला होता. हे मी नंतर अनेकदा घोळवलं आहे. तेव्हा फोन ठेवताना मला फक्त आनंद झाला, आणि तो चांगल्या जातीचा नव्हता.

माझ्या डोक्यात एक युक्ती होती, आणि ती माझी नव्हती. त्या संदेष्ट्यांपैकी एक दक्षिणेकडचा मेंढपाळ होता. तो उत्तरेच्या राज्यात जाऊन भर लोकांत उभा राहतो आणि शेजारच्या राष्ट्रांचे अपराध एकेक करून वाचू लागतो. दिमिष्काला, म्हणजे दमास्कसला, शिक्षा होणार. सोरला होणार. अदोमला होणार. ऐकणारे खूश, कारण हे सगळे त्यांचे शत्रू. प्रत्येक नावाबरोबर त्यांची मान डोलते. तसा तो नकाशावर गोल फिरत जवळजवळ येतो, आणि शेवटी ज्यांच्यासमोर उभा आहे त्यांचंच नाव घेतो. तोपर्यंत ऐकणाऱ्यांनी इतक्या वेळा होकार दिलेला असतो की आता नकार कोणत्या तोंडानं देणार. माझ्या वाचनातला हा सर्वांत हुशार सापळा.

मी तसंच केलं. पुण्याला मी सोर केलं. आमच्यासारखं सुंदर जहाज नाही म्हणणारं. नागपूरला दिमिष्क. भोपाळला अदोम, कारण ते टेकड्यांवर बसून आमच्याकडे खाली पाहतं. लोक टाळ्या वाजवत होते. कॉलेजातली मुलंसुद्धा मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. अध्यक्ष पहिल्या रांगेत कोट घालून सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. भोपाळच्या वेळी त्यांनी मागे वळून बघितलं, लोकांना आवडतंय ना याची खात्री करायला. मंडळाची शान राहिली होती.

मग मी मवाबवर आलो. मवाबबद्दल दुसरा एक संदेष्टा म्हणतो की हे राष्ट्र तरुणपणापासून निवांत बसून आहे, गाळावर स्थिर झालेल्या द्राक्षरसासारखं. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात कधी ओतलंच गेलं नाही, म्हणून चव तीच राहिली आणि वासही तोच. एवढं सांगून मी थांबलो. मंचावर मागे ठेवलेल्या हातांच्या खुर्चीकडे पाहिलं. आणि अध्यक्षांच्या आवाजात म्हणालो, "अध्यक्षांनी असं ठरवलं की अध्यक्ष इथंच बसून राहिले."

त्यांचं 'बसून राहिले' मी हुबेहूब काढलं. ज्या मुलांना मवाब कळला नव्हता, सोर कळलं नव्हतं, त्यांना हे कळलं. हॉल इतका हसला की माइक शिट्टी वाजवायला लागला. मी आणखी एक-दोन वाक्यं त्याच आवाजात बोललो. संडासाची पाटीही आली. ते हसू ओसरायच्या आत अध्यक्ष उठले, कोटाचं वरचं बटण चाचपून पाहिलं आणि भिंतीकडेनं चालत बाहेर गेले. लोकांना वाटलं, फोन आला असेल.

एक गोष्ट मी व्याख्यानात सांगितली नाही. मवाबच्या गर्वासाठी शब्दांची एवढी उतरंड रचणारा तो संदेष्टा त्याच दमात मवाबसाठी रडतो. शत्रूचं राष्ट्र, शिक्षा त्यानंच सुनावलेली, आणि तो म्हणतो की माझं काळीज त्याच्यासाठी बासरीसारखं विव्हळतंय. टिपणात मी ते लिहून घेतलं होतं. आदल्या संध्याकाळी बायकोसमोर वाचून बघताना त्या जागी हसू थांबतंय असं वाटलं, म्हणून खोडलं.

आम्ही ऑटोनं परतलो. विजय नगर जवळ आल्यावर बायको म्हणाली, "तो मेंढपाळ शेवटी कुणाचं नाव घेतो म्हणालात?"

"आपल्याच लोकांचं. ज्यांच्यात उभा असतो त्यांचं."

"मग तुमचं व्याख्यान अर्धंच झालं."

"अध्यक्ष आपलेच आहेत की."

"अहो, आपले केव्हापासून?" ती म्हणाली आणि ऑटोवाल्याला सांगितलं, "भैया, आगे से बाएँ."

तिच्या बोलण्याचा अर्थ मला लागला होता. मी न लागल्यासारखं केलं.

दोन दिवसांनी अध्यक्षांचा मुलगा हॉलच्या किल्ल्या घेऊन आमच्याकडे आला. "पापा बोले, अब आप लोग देख लीजिए," एवढंच म्हणाला आणि पाणीसुद्धा न घेता गेला. कार्यकारिणी जमली. रुसलेत, येतील, असं सगळ्यांचं मत पडलं. ते आले नाहीत. मग कुणीतरी म्हणालं, आता तुम्हीच व्हा ना, तुम्ही बोलता किती छान. मी नको नको म्हणालो. नको नको म्हणतच मी खुर्चीपर्यंत चालत गेलो.

त्यानंतर मंडळ कसं चालतं ते मला कळलं. म्हणजे ते कसं चालत नाही ते कळलं. कार्यक्रमाची सूचना आम्ही मोबाइलवरच्या गटात टाकायचो, तिच्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागायची आणि हॉलमध्ये कार्यकारिणीच बसलेली असायची. आधी माणसं येत, कारण अध्यक्ष प्रत्येक घरी स्वतः फोन करायचे, आणि फोन न उचलणाऱ्यांच्या दारात जाऊन उभे राहायचे. शनिवारी लहान मुलांचा मराठीचा वर्ग असे. तोही पोरांना घरोघरून ते गोळा करून आणत म्हणून चाले. पाण्याची मोटर बिघडली. लाउडस्पीकरवरून गल्लीतले भांडायला आले, आणि अध्यक्षांशी ते इतकी वर्षं का भांडले नव्हते ते विचारल्यावर एक म्हातारे म्हणाले, "वो तो पहले आके पूछ लेते थे, बाबूजी. मिठाई भी लाते थे." हे सगळं ते कोट घालून करत, म्हणून आम्हाला कोटच दिसला होता.

पुढच्या व्याख्यानाला नागपूरहून एक बाई आल्या. त्या हॉलवर स्वतःच पत्ता विचारत पोचल्या. चहा घेताना म्हणाल्या, "या वेळी पुलावर कुणी नव्हतं. मागच्या खेपेला तुमचे ते गृहस्थ होते. माझा हार घातलेला फोटो आईनं अजून भिंतीवर ठेवलाय. तिला वाटतं, मी कुणीतरी मोठी बाई आहे." मी हसून वेळ मारून नेली.

मग एक दिवस बायको भाजी घेऊन आली ती पिशवी खाली न ठेवताच बोलायला लागली. बाजारात तिला अध्यक्षांच्या पत्नी भेटल्या होत्या.

"वहिनी सांगत होत्या, सकाळी आंघोळ करतात, दाढी करतात, कोट काढून पलंगावर ठेवतात. मग पलंगावर त्या कोटाशेजारी बसतात ते जेवायलाच उठतात. डॉक्टरकडे नेलं तर म्हणाले, मले काही झालं नाही. बोलणं जवळजवळ बंद आहे. त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं."

"मी जाऊन येतो," मी म्हणालो.

"विनोद करू नका तिथं."

ते हॉलपासून जवळच राहतात. दुपारी गेलो. वहिनींनी दार उघडलं, 'या' म्हणाल्या, पण बाजूला झाल्या त्या जरा उशिरानं. अध्यक्ष बनियनवर बसलेले होते. मी त्यांना कोटाशिवाय पहिल्यांदाच पाहत होतो. खांदे एवढे बारीक असतील असं वाटलं नव्हतं.

"बसा," ते म्हणाले. मी बसलो. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, आणि तिच्याखाली त्यांच्या वडिलांची लहानशी. ते वडील मला आठवत होते.

मी तयारी करून गेलो होतो. म्हणालो, "त्या दिवशी माझं चुकलं. मी माफी मागायला आलोय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "अच्छा," म्हणाले. मग म्हणाले, "एक विचारू का भाऊ? तुम्ही बोलले तं माइकवर होते. माफी काहून घरात मागून राहिले?"

मी तयार केलेली पुढची वाक्यं मनात चाळून पाहिली. ती सगळी घरात म्हणण्याजोगीच होती.

"बेइज्जती सगळ्यांसमोर, आणि माफी बंद खोलीत," ते म्हणाले. "असं चालते का? तुमच्या त्या लोकांत चालत होतं का असं, ते जे राजांना सुनावत होते?"

"नाही," मी म्हणालो. "चालत नव्हतं."

"मंग."

वहिनींनी चहा आणून ठेवला आणि त्या तिथंच उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी कप उचलला नाही. भिंतीकडे हात करून म्हणाले, "आमचे बाबूजी वर्गणी भरत होते मंडळाची. दर वर्षी. फॅक्टरीत मजूर होते, तरी भरत होते. कार्यक्रमाला येत होते तं कुठं असायचे, आठवते तुम्हाला?"

मला आठवत होतं. मागे, दाराजवळ, उभे. तेव्हा माझे वडील मंडळाचे सचिव होते. दारात उभे राहून ते येणाऱ्याला हात धरून खुर्चीपर्यंत नेत. अध्यक्षांच्या वडिलांना कुणी उभे राहा म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. बसा म्हटलेलंही ऐकलं नाही. हॉलमध्ये खुर्च्या रिकाम्या असत. माझे वडील सज्जन म्हणून प्रसिद्ध होते आणि मी त्यांच्या मांडीवर बसून ती नाटकं, ती कीर्तनं पाहिली. मागे वळलं की तो उभा माणूस दिसायचा. तो कार्यक्रम संपेपर्यंत उभाच असे, आणि टाळ्या मात्र वाजवत असे.

"आठवतं," मी म्हणालो.

"मी ती खुर्ची घरून काहून आणली, हे तुम्ही एकदा विचारलं असतं तं मी सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाही. तुम्हाला हसायचं होतं."

वहिनी म्हणाल्या, "चहा घ्या, थंडा होते." त्या नेमक्या कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. आम्ही दोघांनीही घेतला.

निघताना मी विचारलं, "वार्षिक सभेला माइकवर बोलतो. तुम्ही याल?"

"तारीख कळवा," ते म्हणाले. "येतो का नाही ते नाही सांगत."

मी परतताना चालत आलो. त्या मेंढपाळाची यादी मला पाठ होती, आणि तिच्यातलं शेवटचं नाव टाळून मी आयुष्यभर तिचं कौतुक करत आलो होतो. गर्विष्ठ राष्ट्र शोधायला मी पुण्याला गेलो, नागपूरला गेलो, भोपाळच्या टेकड्या चढलो. आमच्या दाराशी उभ्या ठेवलेल्या माणसाच्या मुलानं एक खुर्ची घेतली, तर मला तिथं मवाब दिसला. खुर्च्या वाटणारं घर दिसलं नाही. त्या घरात साधी राहणी होती, पुस्तकं होती, कोट नव्हता. कोटाशिवायचा गर्व दिसायला कठीण असतो, आणि तो ज्याचा असतो त्याला तर त्याची सुसंस्कृतता वाटते.

वार्षिक सभेला त्या वर्षी हॉल भरला, कारण या वेळी घरोघर फोन मी केले. अनेकांनी मी कोण ते आधी विचारलं. सभेच्या सुरुवातीला मी माइकपाशी गेलो. अध्यक्ष दिसत नव्हते. मग दार ढकलून ते आणि वहिनी आत आले, आणि मागच्या रांगेत बसले. माझ्या नेहमीच्या जागेच्या शेजारी. कोट होता.

मी म्हणालो, मागच्या हिवाळ्यात मी इथं मवाबबद्दल बोललो होतो. लोक हसले. त्यांना ते आठवत होतं. मी म्हणालो, त्या व्याख्यानात मी एका माणसाची टिंगल केली, आणि ती चूक होती. पुन्हा हसले, पुढे काहीतरी गमतीदार येणार म्हणून मुलांनी मोबाइल वर धरले. मी म्हणालो, माझे वडील या मंडळाचे सचिव होते. 'माझे वडील' म्हटल्याबरोबर पहिल्या रांगेतले एक काका मांडीवर थाप मारून हसले. मी जितका गंभीर होत गेलो तितकं ते सगळ्यांना रंगत गेलं. वर्षानुवर्षं मी या लोकांना एकच गोष्ट शिकवली होती की मी बोललो की हसायचं, आणि ते चांगले विद्यार्थी निघाले. माझा आवाज कापत होता, तेही नक्कल समजले. मंचावरून बायको दिसत होती. तिनं मान खाली घातली होती.

तेव्हा मागून आवाज आला. माइक नव्हता, पण फॅक्टरीत यंत्रांच्या वर बोलायची सवय असलेल्या माणसाला माइक लागत नाही.

"हसू नका. भाऊ मजाक करून नाही राहिले."

मुलांचे मोबाइल खाली आले. अध्यक्ष उभे होते. "बोला," मला म्हणाले. "पूरं करा."

मी पूर्ण केलं. माझ्या वडिलांनी कुणाला बसा म्हटलं नाही, ते सांगितलं. खुर्चीचं सांगितलं. मवाबसाठी रडणाऱ्या संदेष्ट्याचं वाक्य मी खोडलं होतं, तेही सांगितलं. ते कितपत पोचलं कुणास ठाऊक. तरुण मुलांना अर्धं मराठी कळलं नसेल. पण जुनी माणसं खाली बघत होती, आणि त्यांच्यातली कोण कोण त्या काळी हॉलमध्ये येत असत ते मला माहीत होतं. टाळ्या झाल्या नाहीत. असल्या भाषणावर टाळ्या व्हायला नकोच होत्या, पण मी त्यांची वाट पाहिली, आणि मला माझीच शरम वाटली.

मग कार्यकारिणीची निवड होती. मी सांगितलं की मी अध्यक्षपदासाठी उभा नाही, जुन्या अध्यक्षांनीच यावं. ते पुन्हा उठले.

"असं नाही. देऊन टाकलेलं नाही पाहिजे. तुम्ही उभे राहा, मी उभा राहतो. लोक ठरवतील."

"तुम्ही हरलात तर?" मी विचारलं. हे माइकवर विचारायला नको होतं.

"हरलो तं हरलो. तुम्ही दिलं म्हणून आलो, असं तं होणार नाही ना जी."

हात वर करून मतं घेतली. मी माझा हात त्यांच्यासाठी वर केला, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्यासाठी किती हात वर आहेत तेही पाहिलं. बरेच होते. हरायचं आहे असं मी स्वतःला इतके दिवस सांगत होतो, तरी ते हात पाहून क्षणभर छाती भरून आली. अध्यक्ष थोडक्या मतांनी निवडून आले. वहिनींनी हात वर केलाच नव्हता; नंतर बायकोला म्हणाल्या की घाबरून विसरले.

अध्यक्ष मंचावर गेले. हातांची खुर्ची भिंतीशी होती, ती त्यांनी स्वतः ओढून मधोमध आणली. माइकवर बोटानं टकटक केली. हॅलो म्हणाले, पुन्हा हॅलो म्हणाले, आणि बोलायला लागले. अध्यक्षांनी मंडळासाठी काय केलं, काय करून राहिले आणि काय करणार आहेत. मोटर दुरुस्त होणार. शनिवारचा वर्ग सुरू होणार. प्रवेशद्वाराला कमान होणार, तिच्या उद्घाटनाची पाटी होणार. बोलत बोलत त्यांच्या खांद्यात कोट पुन्हा नीट बसला. स्वयंपाकाच्या खोलीत वडे थंड होत होते आणि मुलं दाराकडे बघत होती. फार लांबलं. कंटाळवाणं होतं, हे सांगायलाच हवं. माफी मागितल्यानं एखाद्याचं भाषण चांगलं होत नाही.

मी मागच्या रांगेत माझ्या जागेवर होतो. शेजारी आमच्या रेल्वे कार्यालयातले जुने सोबती सरकून आले आणि सवयीनं कान माझ्याकडे केला.

"हं," ते कुजबुजले. "बोला काही तरी."

मी समोर बघत राहिलो. काही बोललो नाही. पण कमानीवरून एक वाक्य माझ्या तोंडात तयार होऊन बसलं होतं, आणि ते चांगलं होतं.